‘किती इंच पडणार?’ हे विचारणं आता पुरे

डिसेंबर उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर किती इंच स्नो पडणार ते दाखवणारा तो जांभळा-गुलाबी नकाशा फिरायला लागतो. ‘पुढच्या शनिवारी २२ इंच!!’ खाली ‘बापरे’ची रांग. कुणी संक्रांतीचं हळदीकुंकू पुढे ढकलायचं का विचारतं, कुणी दूध-ब्रेड आणायला पळतं, आणि ज्यांचे आईबाबा नुकतेच पुण्याहून आलेत त्यांच्या घरी तर काळजीनं झोप उडते. मला या नकाशांचा मनापासून राग येतो.

तो नकाशा म्हणजे अंदाज नाहीच. हवामानाच्या एका कॉम्प्युटर मॉडेलनं एका वेळी केलेलं ते गणित. अमेरिकन जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, दर वेळी नवं उत्तर देतं. आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या वादळाचा बहुतेक वेळा अजून जन्मही झालेला नसतो, ते ज्यातून तयार होणार ती हवा पॅसिफिकवर कुठेतरी असते. म्हणून सकाळी २२ इंच, दुपारी ४ आणि रात्री शून्य असं होऊ शकतं. यातला २२वाला नकाशा फॉरवर्ड होतो. शून्यवाला कुणी पाठवत नाही.

त्यात आपण राहतो किनाऱ्याजवळ. नॉरईस्टर, म्हणजे इथलं हिवाळी वादळ, किनाऱ्याच्या कडेकडेनं वर सरकतं. त्याचं केंद्र थोडं आत आलं तर अटलांटिकवरची उबदार हवा घुसते आणि एडिसनला पाऊस पडतो. थोडं बाहेर गेलं तर सगळा स्नो समुद्रात. एकाच वादळात वर उत्तरेला ससेक्सला पांढराशुभ्र फूटभर स्नो, आपल्याकडे चिखल आणि टॉम्स रिव्हरला नुसता पाऊस, हे इथे नेहमीचंच.

जानेवारी २०१५ आठवतंय? न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंचांचा अंदाज होता. सबवे बंद, रस्ते बंद. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच, आणि त्याच वादळानं लाँग आयलंडवर काही ठिकाणी दोन फुटांवर स्नो ओतला. वादळ जरा पूर्वेला सरकलं, एवढंच. न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीच्या नॅशनल वेदर सर्व्हिस (सरकारी हवामान खातं) ऑफिसचे तेव्हाचे प्रमुख गॅरी स्झॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. मला त्या माणसाबद्दल आजही आदर वाटतो. माझ्या मते चूक त्यांची कमी आणि एकच आकडा मागणाऱ्या आपल्या सगळ्यांची जास्त होती. वेदर सर्व्हिसच्या साइटवर आज कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि कशाची शक्यता किती, हे सगळं फुकट दिसतं. ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, तयारीत राहा; ‘वॉर्निंग’ म्हणजे येतंय किंवा आलंय. बघायचंच तर ते बघा, आणि तेही वादळ दोन-तीन दिवसांवर आल्यावर.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. आकडा अगदी बरोबर आला तरी इंचांवरून घरी काय होणार ते कळत नाही. स्नोचं वजन बघा. साधारण हिशेब असा की दहा इंच स्नो वितळला की एक इंच पाणी. ओला स्नो असेल तर पाच इंचांतच तेवढं पाणी असतं. म्हणजे सहा इंच ओला आणि बारा इंच साधा, दोन्हींचं वजन सारखंच! वीस फूट बाय चाळीस फुटांच्या ड्राइव्हवेवर ते वजन भरतं जवळजवळ सव्वादोन टन. ‘सहाच इंच आहे, पटकन उरकतो’ म्हणून बाहेर पडणारा माणूस प्रत्यक्षात सव्वादोन टन उचलायला निघालेला असतो. शिवाय टाउनशिपचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा स्नो ढकलणारा ट्रक, येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी घट्ट दाबलेला बांध टाकून जातो, तो वेगळाच.

२९ ऑक्टोबर २०११. दिवाळी नुकतीच झाली होती, झाडांवर पानं होती. सेंट्रल पार्कची नोंद फक्त २.९ इंच. पण पानांवर ओला स्नो साचून फांद्या कडाकड मोडल्या, तारा तुटल्या, आणि न्यू जर्सी-कनेटिकटमध्ये असंख्य घरं कित्येक दिवस अंधारात, थंडीत राहिली.

म्हणून विचारायचं ते हे: तापमान किती? वारा किती? सुरू कधी, थांबणार कधी? १५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की बर्फ वितळवायला टाकलेलं साधं मीठ जवळपास काम करत नाही, कॅल्शियम क्लोराइड लागतं. दिवसा वितळून रात्री ३२च्या, म्हणजे पाणी गोठण्याच्या, खाली गेलं की सकाळी ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ, आणि सवयीनं फिरायला निघालेले बाबा त्यावरच पडतात.

आता पुरुषमंडळींसाठी, रागावू नका. आपल्या लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो. वर्षभर खुर्चीत बसून काम, आणि एका सकाळी गोठवणाऱ्या हवेत, श्वास रोखून, हातांनी जड ओझं उचलायचं. थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या, रक्तदाब चढलेला. दरवर्षी या देशात शव्हलिंग करताना, म्हणजे फावड्यानं स्नो काढताना, माणसं जातात. पन्नाशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, तर पैसे देऊन काढून घ्या. स्वतः करायचंच तर दर तीन-चार इंचांनी बाहेर या, ढकला, उचलू नका. छातीत दाब वाटला की फावडं तिथेच टाका आणि ९११ लावा.

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेले असतात. बऱ्याच घरांत फर्नेसची (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची) हवा तिथूनच आत-बाहेर होते. वाऱ्यानं स्नो तिथे साचला की फर्नेस बंद पडतो, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो. या वायूला ना रंग, ना वास. गाडीचंही तेच. जानेवारी २०१६च्या वादळात पसेकमध्ये वडील बाहेर स्नो काढत होते आणि आई लेकरांना घेऊन ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत बसली होती. मागचा पाइप स्नोनं बुजलेला. आई आणि बाळ तिथेच गेले, मोठी मुलगी नंतर हॉस्पिटलमध्ये. ही बातमी आठवली की आजही पोटात खड्डा पडतो. आधी पाइप मोकळा करा, मगच गाडी सुरू करा. जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरची बॅटरी आजच बघा.

आपण ऑफिसात अडकलेलो असताना घरी आईबाबा एकटे असू शकतात. त्यांना ते दोन पाइप कुठे आहेत ते दाखवून ठेवा, डिटेक्टरचा आवाज एकदा वाजवून ऐकवा, आणि तो वाजला तर सामान न शोधता अंगावर कोट घालून थेट बाहेर पडायचं हे नीट समजावून सांगा.

आमच्या टाउनशिपच्या ग्रुपला माझी विनंती आहे. नकाशांऐवजी दोन याद्या करूया: कुणाकडे म्हातारी माणसं, तान्हं बाळ किंवा ऑक्सिजन मशीन आहे, आणि कुणाकडे स्नोब्लोअर किंवा जनरेटर आहे. दुसऱ्या यादीत मी आमचं नाव टाकलंय. पहिल्या यादीत नाव द्यायला कुणी संकोच करू नका, मेसेज करा किंवा सरळ दार वाजवा.