पाटीचा सूर आणि मुंबईची हवा

व्हायोलिनवरच्या एका लेखात अमेरिकन व्हायोलिन-कारागीर कार्लीन हचिन्स (१९११–२००९) यांच्या व्हायोलिन-कुळातल्या लहानमोठ्या आठ वाद्यांच्या संचाचं कौतुक वाचलं, ते योग्यच. पण त्यांचं खरं मोठं काम म्हणजे सुट्या पाटीचा, म्हणजे व्हायोलिन जोडण्याआधी त्याच्या वरच्या किंवा मागच्या फळीचा, सूर जुळवण्याची पद्धत! स्प्रूसची (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची) वरची पाटी स्पीकरवर आडवी धरायची, वर बारीक चमकी भुरभुरायची आणि कंपनसंख्या हळूहळू वाढवायची. साधारण ३५० हर्ट्झच्या आसपास चमकी कड्यासारखी जमते. क्रॉससारखी आकृती त्या कंपनसंख्येच्या निम्म्यावर आली पाहिजे. कडं जिथे तुटतं तिथे स्क्रेपर (लाकूड खरवडायची पातळ पट्टी) अगदी हलका फिरवा, कारण गेलेलं लाकूड परत येत नाही.

मुंबईत जुलैमध्ये मात्र घाई नको. ओलसर लाकूड जड, मऊ होतं आणि सूर खाली दाखवतं. आर्द्रता नोंदवूनच मापं घ्या.