मोबाईलनं धर्म बिघडवला म्हणे!

"मोबाईलनं आपल्या पोरांचा धर्म बिघडवला. देवळात जात नाहीत, धर्म रीलवर शिकतात, दंगल स्टेटसवर पेटवतात. आमच्या वेळी धर्म घरात शिकवला जायचा, म्हणून भांडणं नव्हती. मोबाईल काढून घ्या." हा मजकूर कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरतोय.

देवळात जात नाहीत? चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊन बघा. सासनकाठ्या पेलणारे, गुलालानं माखलेले सगळे काय साठीचे असतात? दर्शनाआधी सेल्फी काढतात म्हणाल, तर काढू देत की.

"भांडणं नव्हती" हे तर कोल्हापूरच्या माणसानं म्हणूच नये. 1899 च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावर खुद्द शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला पुरोहितानं नकार दिला. तो वाद पुण्याच्या वर्तमानपत्रांपर्यंत पेटला. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईल होता?

दंगलीचा मुद्दा मात्र जड आहे. 7 जून 2023 ला आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तोडलं. निमित्त स्टेटसचं होतं, कबूल. पण स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं आणि दिसतं ते नंबर सेव्ह असलेल्यांनाच. असली गोष्ट गावभर पोचते ती स्क्रीनशॉटनं, आणि ते फिरवण्यात काका-मामाही मागे नसतात. वरचाच मजकूर घ्या. त्यावर दुहेरी बाण आहे, म्हणजे तो आधीच कैक वेळा पुढं गेलाय. असा मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढं जातो. म्हणजे आमच्या पाहुण्यांनी तो ग्रुपामागून ग्रुप, बोट झिजवून पाठवलाय!

राहिलं रीलचं. इथं मजकूर निम्मा बरोबर आहे. ॲपला तुमच्या पेठेचं देणंघेणं नसतं, माणूस कशावर थांबतो ते मुख्यतः बघतं. मग तालमीतल्या पोराला परमुलखातल्या मिरवणुकीचा राडा हिंदी घोषणांसकट पाठ असतो. त्याला विचारा, आपल्या तालमीत मोहरमला पंजा, म्हणजे पीराचं हाताच्या आकाराचं निशाण, का बसतो? लंगोट पिळत म्हणतो, "असतंय की तसं पहिल्यापास्नं." त्याच्याच वर्गातल्या मुस्लिम पोराला कुठला तरी वक्ता उर्दूत सांगतो की हे पंजे, हा गणपतीचा प्रसाद चालत नाही. पलीकडं कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो, ते दोघांच्याही स्क्रीनवर सहसा येत नाही. त्यात थरार नाही, मग कोण थांबणार?

पोरगा धार्मिक कमी झाला, असं मला दिसत नाही. त्याचा धर्म बिनपत्त्याचा झालाय, कुठल्याही शहरात खपेल असा. मोबाईल काढून घेतला तर पंजाची गोष्ट आपोआप थोडीच कळणार? ती ठाऊक असलेली म्हातारी माणसं अजून तालमीच्या कट्ट्यावर बसतात. हल्ली त्यांच्याही माना खालीच असतात, हातात तोच मजकूर.