पोह्याच्या ट्रेलरला ‘जास्तीत जास्त दमाचे’ शॉकर? मुळीच नकोत

इंदुरात पोहे-जलेबीचा ट्रेलर बांधायला घेतलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: ‘बाजूच्या झडपेला डिकीचे गॅस शॉकर लावा. जास्तीत जास्त न्यूटनचे घ्या, बिजागरीपासून होईल तेवढे लांब बसवा, दांडी वर की खाली याने काही बिघडत नाही.’ (झडप म्हणजे गल्ल्यासमोरची वर उघडणारी फळी. गॅस शॉकर म्हणजे दाबलेला गॅस भरलेली नळी आणि तिच्यातून बाहेर सरकणारी दांडी, ती झडप वर धरते. न्यूटन हे तिच्या जोराचं माप.) शॉकर लावणं ठीक, पण पुढच्या तीनपैकी एकही गोष्ट धड नाही.

आधी लांबीचं बघू. झडप ९० सेंटिमीटर उंच, २० किलोची, बिजागरी वर. बंद असताना ती नुसती लोंबते, शॉकरला कामच नसतं. खरा भार येतो ती आडवी झाल्यावर: बिजागरीभोवती तिला खाली फिरवणारा जोर सुमारे ८८ न्यूटन-मीटर. (आडव्या पेटीच्या झाकणाचं नेमकं उलट, ते बंद असतानाच सर्वांत जड. तिकडची मापं इकडे उचलू नका.) आता शॉकरचं एक टोक झडपेवर बिजागरीपासून २५ सेंटिमीटरवर आणि दुसरं चौकटीवर बिजागरीच्या ७५ सेंटिमीटर खाली घ्या. शॉकरची बंद लांबी ५०, उघडी ७९. दोन बाजूंना दोन शॉकर धरले तर प्रत्येकी १८६ न्यूटन लागतात, २०० ची जोडी पुरते.

सल्ला ऐकून झडपेवरचं टोक ४५ वर नेलंत तर बंद लांबी ३०, उघडी ८७! दांडी नळीतच मावायची असते, त्यामुळे दुपटीहून जास्त लांबणारा साधा शॉकर मिळणारच नाही. उलट १० वर आणलंत तर प्रत्येकी ४५० न्यूटन लागतात आणि ब्रॅकेटपाशी पत्रा फाटू लागतो.

बरं, २५ वरच ठेवून ५०० ची जोडी लावली तर? झडप हातातून निसटून वर आपटेल आणि रात्री ती खाली ओढायला कडेला १७ किलोचा जोर लावावा लागेल. तोही सुरुवातीला, गॅस दबत जातो तसा शॉकरचा जोर आणखी वाढतो. गल्ल्यावरच्या पोराला हे रोज करायला सांगून बघा.

दांडीचं म्हणाल तर ती खालीच हवी: जाड नळी झडपेकडे, बारीक दांडी चौकटीकडे. आतलं थोडंसं तेल मग सीलवर, म्हणजे दांडीभोवती गॅस अडवणाऱ्या कड्यावर, राहतं. उलटं लावलं की सील कोरडं पडतं आणि गॅस लवकर गळतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे हवामान. शॉकरवर लिहिलेला न्यूटनचा आकडा २० अंश तापमानाचा असतो. जानेवारीच्या पहाटे ९ अंशांत जोर जवळपास ४ टक्के उतरतो, मेच्या ४३ अंशांत ८ टक्के चढतो. पण त्याहून मोठा घोळ मेनूबोर्डाचा. झडपेच्या खालच्या कडेला २ किलोचा बोर्ड टांगला की भार २० टक्क्यांनी वाढतो आणि २०० ची जोडी हळूहळू मान टाकते. वजन करायचं ते रंग, बोर्ड, दिवे सगळं चढवून.

आणि वरच्या मापांत झडप बंद असताना दोन्ही टोकं बिजागरीच्या रेषेतच येतात, म्हणजे शॉकर तिला ना उघडतो ना दाबून धरतो. ट्रेलर ओढताना खड्डा लागला की झडप उघडू शकते. दोन्ही बाजूंना कडी लावूनच निघा.