मराठीत आधी अक्षर मोजून बघा

‘४८ तासांत खेळ करायचा तर शब्दखेळ घ्या, चित्रं नकोत, आवाज नको, सगळ्यात सोपं’ हे ४८ तासांत खेळ करण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य इंग्रजीपुरतं खरं आहे. सोलापुरात आम्ही दोघांनी एका शनिवार-रविवारी मराठी शब्द ओळखायचा खेळ करायला घेतला. पहिलाच शब्द टाकला ‘सिद्धेश्वर’. आपल्या हिशेबाने अक्षरं चार: सि, द्धे, श्व, र. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी कोडची भाषा, म्हणाली १०! संगणकावर प्रत्येक अक्षर-खुणेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये वेलांटी, मात्रा, हलन्ताची खूण सगळं सुटं मोजलं जातं. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम तिथे २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरवर ते अजून तुटतं. शेवटी हलन्तानंतरचं व्यंजन मागच्याला चिकटवणाऱ्या दहा ओळी हातानेच लिहिल्या. तोवर रविवारची दुपार झाली होती.

आणि शब्दयादीबद्दल लेखात एक ओळही नाही, हे मला जास्त खटकलं. कोड एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरायला-बदलायला मोकळा, द्यायचा आणि शब्द कुठल्यातरी कोशातून न विचारता उचलायचे, मग खेळ मुक्त कसा? आम्ही आईला आणि शेजारच्या काकूंना बसवून शब्द लिहून घेतले: भाकरी, चटणी, चादर, हुरडा, गड्डा. जेमतेम तीनशे झाले, पण खेळाला पुरले. यादी कोडसोबतच ठेवली आहे, कुणीही वापरावी.