अल्फाचा आकडा बघून हॉप्स घेऊ नका

सांगली-साताऱ्यात मायक्रोब्रुअरी काढायच्या विचारात असलेल्या मंडळींत एक सल्ला सारखा फिरतोय: "अल्फा ॲसिड जास्त तेच हॉप्स चांगले. एकच जात घ्या, सगळ्या बिअरला वापरा, पैसे वाचतात. फोडलेलं पाकीटही वर्षभर टिकतं." हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, आणि अल्फा ॲसिड म्हणजे त्यातला कडवटपणा देणारा घटक.

पैसे वाचतात, हे निम्मं खरं आहे. 100 लिटर वर्टला (उकळायच्या गोड माल्टपाण्याला) 25 आयबीयू (कडवटपणाचं माप, साधारण लिटरला मिलिग्रॅम) कडवटपणा हवा असेल आणि तासाभराच्या उकळीत अल्फाचा चौथा हिस्सा कामी येतो असं धरलं, तर 10 ग्रॅम अल्फा लागतं. म्हणजे हॉप्सच्या दोन जाती घेतल्या, तर 13 टक्के अल्फाचा मॅग्नम 77 ग्रॅम, तर 3.5 टक्क्यांचा साझ 286 ग्रॅम. साझचा गाळही तितकाच वाढतो आणि तो वर्ट शोषून धरतो. उकळीच्या सुरुवातीला मॅग्नमच घाला, तिथे आमचा वाद नाही.

पण अल्फा सांगतं ते फक्त कडवटपणाचं. वास येतो तेलांमुळे, मिर्सीन, लिनालूल, ह्युम्युलीन वगैरे, आणि ही तेलं तासभर उकळलीत तर वाफेबरोबर निघून जातात. 12 टक्क्यांचा सिट्रा सुरुवातीलाच टाकला, तर महागड्या आंब्या-लिंबाच्या वासाचे पैसे वाफेवर गेले. तो आच बंद करून वर्ट 80 अंशांवर आल्यावर घाला, 20 मिनिटं ठेवा. किंवा फर्मेंटेशन (आंबवण) संपत आल्यावर लिटरला 3 ते 5 ग्रॅम, दोन-तीन दिवस. यात एक धोका आहे: हॉप्समधली एन्झाइम्स यीस्टला न पचलेली उरलेली साखर मोडून पचण्याजोगी करतात आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. ग्रॅव्हिटी (बिअरची घनता) सलग दोन दिवस स्थिर दिसल्याशिवाय बाटली भरू नका, नाहीतर ती फुटते.

एकच जात सगळ्या बिअरला? चेक पिल्सनरला साझचा मसालेदार, गवताळ वासच हवा, तिथे सिट्रा घातला की ते पिल्सनर राहत नाही. अमेरिकन पेल एलला 1972 साली आलेला कॅस्केड अजून चोख काम करतो, अल्फा जेमतेम 5 ते 7 टक्के असूनही.

शेवटचा दावा सर्वांत घातक. फोडलेल्या पाकिटात हवा शिरली की अल्फा घटतं आणि जुनाट चीजसारखा वास धरतो. सांगलीच्या मे महिन्यात तर हे झपाट्याने होतं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सीलबंद पाकिटं काही महिने ठेवता येतात, फोडलेली नाहीत. ती हवा काढून सील करा, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. खरेदी करताना पाकिटावर पिकाचं साल बघा आणि हिशेब त्याच पाकिटावरच्या अल्फाने करा, कारण एकाच जातीचा आकडा दरवर्षी बदलतो.