सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट निघत नाही

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'वॉटरफॉल मेला. अजाईलमध्ये ना प्लॅनिंग, ना कागद. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा बदल, तोही फुकट. कोल्हापुरातल्या छोट्या कंपन्यांनी हेच करावं.'

वॉटरफॉल म्हणजे सगळं आधी ठरवून सॉफ्टवेअर पायरीपायरीनं बनवणं. अजाईल म्हणजे थोडं थोडं बनवून, दाखवून, बदलत जाणं. वॉटरफॉल मेला म्हणे. पण तसंच करा असं सांगितलं होतं कुणी? विन्स्टन रॉइस या सॉफ्टवेअरवाल्यांच्या १९७० च्या निबंधातली पायऱ्यांची आकृती सगळे दाखवतात. त्याच आकृतीबद्दल त्यांनी पुढं लिहिलंय, की हे असंच राबवणं धोक्याचं आहे, काम फसणार. नवीन प्रकारचं सॉफ्टवेअर असेल तर ते दोनदा बनवा, हाही त्यांचाच सल्ला. 'वॉटरफॉल' हा शब्द त्या निबंधात नाहीच! उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला यात नवल वाटणार नाही. ड्रॉइंगवरून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना करायचा, एक-दोन सॅम्पल ओतायची, मापं, ब्लो होल (आत राहिलेल्या पोकळ्या), मशिनिंगसाठी ठेवलेली जादा जाडी बघायची, पॅटर्न दुरुस्त करायचा, मग लॉट. ड्रॉइंगही लागतं आणि सॅम्पलही.

कागद नको हे तर अर्धंच वाचलेलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटातल्या स्नोबर्डला सतरा जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, असं त्यात आहे. पण कागदपत्रांनाही मोल आहे, हे खालीच लिहिलंय. आणि प्लॅनिंग? स्क्रम ही अजाईलचीच एक पद्धत. त्यात काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त महिन्याच्या टप्प्यांत करतात, आणि स्प्रिंटची सुरुवातच प्लॅनिंगनं होते. महिन्याच्या स्प्रिंटला आठ तासांपर्यंत.

आता फुकट बदल. जाहीरनाम्याच्या बारा तत्त्वांतलं दुसरं सांगतं, उशिरा आलेल्या बदलाचंही स्वागत करा. पैसे घेऊ नका असं त्यात कुठंच नाही. आम्ही हे पदरमोड करून शिकलो. एका साखर कारखान्याचं ऊसबिलाचं काम होतं. वजनकाट्याची स्क्रीन दर आठवड्याला नेऊन दाखवली. काट्यावरच्या मामांनी बटणं मोठी करायला लावली, रंग बदलायला लावले, झकास झाली. त्या नादात बिलाचा हिशेबही 'बघू पुढं' म्हणून ठेवला. सोसायटीची कर्जवसुली, इतर कपाती, १४ दिवसांत उसाचे पैसे देण्याचा १९६६ च्या आदेशातला नियम, सगळं आधीच ठरलेलं होतं. चार दिवस बसून लिहून घ्यायला हवं होतं. गाळप सुरू झाल्यावर कपातीचा क्रम चुकल्याचं कळलं. दारात ऊस उभा, आणि आम्ही रात्रभर डेटाबेसची टेबलं बदलून पंधरवड्याची बिलं पुन्हा काढतोय. ते जागरण कुणाच्या इन्व्हॉइसमध्ये धरायचं? आमच्याच डोक्यावर बसलं.

छोट्या कंपनीला अजाईलवाल्यांच्या स्टँडअपचा, म्हणजे रोजच्या पंधरा मिनिटांच्या छोट्या बैठकीचा फायदा होतो, हे मात्र कबूल. चौघं तर आहोत, चहाबरोबरच होतो.

यंदा त्याच कारखान्याचं तोडणी-वाहतुकीचं काम आहे. कपातीचे नियम दसऱ्याआधीच सही घेऊन फ्रीझ केले. स्क्रीन दर शुक्रवारी काट्यावर जाते. यातलं वॉटरफॉल कुठलं आणि अजाईल कुठलं, हे मेसेज टाकणाऱ्या दादांना विचारलंय. निळी टिक आलीय, उत्तर नाही.