सरकारकडून सेवा करून घेण्याची रीत

सरकार आपल्यासाठी काहीच करत नाही, अशी कुरकुर तुम्ही टपरीवर करत असाल तर आजपासून बंद करा. सरकार अहोरात्र राबतं. त्याच्यापुढे कोणत्या रूपात जावं एवढंच तुम्हाला कळलेलं नाही. तुम्ही कामगार म्हणून जाता, तिथंच घोळ होतो. जमीन म्हणून जा.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा ते बिचारे कामगार म्हणूनच गेले. त्यांनी दत्ता सामंतांना पुढारी केलं. कायदा म्हणाला, पुढारी तुम्ही निवडायचा नसतो. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तेव्हा माणसं सामंतांकडे आणि शिक्का मजदूर संघाकडे, अशी सोयीची वाटणी झाली. तो संप रीतसर मागे घेतलेलाच नाही. म्हणजे कागदोपत्री अजून चालू असावा. चर्चेचं बोलावणं आलंच तर घरात कुणीतरी थांबा.

आता जमिनीचं नशीब बघा. त्याच गिरण्यांची, सुमारे ६०० एकर. तिनं कधी गेटसभा घेतली नाही, दगडफेक सोडाच, थाळीनादही केला नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानं तिच्यावर अन्याय केला होता: पुनर्विकास करताना एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. सरकारला तिचं दुःख बघवेना. २००१ साली दुरुस्ती आली, की वाटणी करायची ती आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती वाटणीत धरायची नाही. गिरणीत शेड सोडून मोकळं असतं किती? पाळी सुटल्यावर विडी ओढायला जेवढं लागतं तेवढं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये सरकारचे कान धरले, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती कायम ठेवली. एक मोर्चा नाही, एक लाठी नाही.

कामगारालाही घर मिळतंच, गैरसमज नको. गिरणगावातल्या माणसानं लालबाग-परळमध्ये घर मागितलं. सरकारनं बदलापूरच्या पुढे वांगणी आणि शेलू दाखवलं. हवा चांगली आहे. कृतघ्न लोक तरीही जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात बसले.

हा अमुक पक्षाचा दोष, दुसरा आला की बघा, असं म्हणणारे भाऊजी प्रत्येक घरात असतात. त्यांना १९३८ साल सांगा. मुंबई प्रांतात गोऱ्यांचं नव्हे, लोकांनी निवडून दिलेलं, बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. त्यानं संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, एकत्र संपावर उतरले. कायदा झालाच, १९४६चा वर सांगितलेला कायदा त्याच्याच जागी आला. खुर्चीवर कोण, हे विचारण्याआधी खुर्ची कुणाच्या गेटाकडे तोंड करून ठेवली आहे ते बघावं, असं आमच्यासारखे जुनाट समाजवादी म्हणतात. आमचं कोण ऐकतो.

वेळेची शिस्तही शिका. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांच्या कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली, अध्यादेश त्याच दिवशी. खासगी नोकरदारांच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना हजार रुपये ठरली. दहा वर्षं उलटून गेली तरी आकडा तोच. घाईत चूक नको, म्हणून.

संप करायचाच असेल तर सभ्यपणे करा. नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे किमान चौदा दिवस आधी नोटीस द्या, म्हणजे कंत्राटदाराला बदली माणसं शोधायला धावपळ होणार नाही. अर्ध्या कामगारांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच, तेव्हा आजारी पडताना शेजारच्या मशीनवाल्याला विचारून पडा. तीनशेपर्यंत... चुकलो, तीनशेहून कमी माणसं असलेला कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. दोनशेनव्वद जणांत तुमचा नंबर लागला तर मालकाच्या सुटसुटीतपणात आपलाही वाटा, म्हणून अभिमान बाळगा.

महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला मंजुरी दिली. घाबरू नका, तुमची लेखी संमती लागणार आहे. कंत्राटदार कागद पुढे करेल, पेनही त्याचंच असेल. वाचायला वेळ मागू नका. पुढच्या महिन्यात कामावरून ब्रेक कुणाला द्यायचा, ते तोच ठरवतो.

आणि घराच्या अर्जावर वारसाचं नाव आजच घाला. वारसाच्या वारसासाठी रकाना अजून छापलेला नाही, पण त्यासाठी समिती नेमायला सरकार एका पायावर तयार असेल.